नवी चव : ड्राइव्हवेतली घोळ आणि मेक्सिकन राजगिरा



उन्हाळा आला की शिकागोच्या आपल्या मराठी मंडळींत दोन गोष्टी हमखास होतात. पिकनिकला वडापाव ठेवायचा की भेळ, यावर वाद होतो आणि भारतातून कुणाकुणाचे आई-वडील, सासू-सासरे येऊन दाखल होतात. पहिल्या विषयावर आम्ही तोंड उघडणार नाही, कारण आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. दुसऱ्या विषयावर मात्र या वेळचे सदर खर्च करायचे ठरवले आहे. संपादकांनी एक पान वाढवून दिले आहे, ते परत घेण्याआधी लिहून टाकतो.

या सदरात आपण एरवी एखादा नवा पदार्थ किंवा एखादे नवे दुकान शोधून त्याची खबर देतो. या वेळी पदार्थ पुष्कळ आहेत, पण त्यांतला एकही आमचा शोध नाही. ते सगळे आईंचे शोध आहेत. आई म्हणजे आमच्यातल्या एकाच्या आई आणि एकीच्या सासूबाई. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, बार्शीच्या घराला कुलूप लागले आणि आई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. आल्या त्या नेमक्या ऑक्टोबरच्या शेवटी. पुढे काय झाले ते तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार, मग बर्फ, मग घसरून पडण्याची भीती. सकाळी साडेसातला आम्ही कामावर, मुले शाळेत, आणि घरात एकट्या आई. गाडी चालवता येत नाही आणि चालत जावे असे दुकान जवळपास नाही. झाकून ठेवलेले ताट संध्याकाळी तसेच सापडायचे. दहीभात दोन घास, बस. फेब्रुवारीपर्यंत अकरा पौंड वजन उतरले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या.

एकदा आम्ही फारच खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘अगं, इथे मला कशाचंच नाव येत नाही. झाडाचं नाही, पाखराचं नाही, बाजारातल्या भाजीचं नाही. मुक्यासारखं वाटतं.’’

यावर काय बोलणार? परतीचे तिकीट काढावे का, यावर रात्री आमची दोघांची कुजबुज सुरू झाली होती. बार्शीत तरी कोण होते आता?

तर जुलै महिना. ड्राइव्हवेच्या काँक्रीटला भेग पडली आहे, तिच्यातून दरवर्षी एक तण उगवते. जमिनीलगत पसरलेले, लालसर गुळगुळीत देठाचे, जाड पानांचे. आम्ही ते उपटून टाकत असू. आई दारात उभ्या होत्या. एकदम वाकल्या, एक पान तोडले, चुरडले, तोंडात टाकले. आम्ही ‘‘अहो, अहो!’’ म्हणेपर्यंत त्यांचा निकाल लागला होता. ‘‘ही घोळ आहे. तुम्ही फेकता काय?’’

खरोखर घोळच! इथे तिला पर्स्लेन म्हणतात. तीच वनस्पती, तीच आंबूस बुळबुळीत चव. आठवड्याभरात परसातल्या कुंपणाकडेला चाकवताचा भाऊबंदही सापडला. त्याला इथे लॅम्ब्ज क्वार्टर्स म्हणतात, उत्तरेकडे बथुआ. त्या संध्याकाळी आईंनी विळी मागितली. विळी नव्हती, सुरीवर भागवले. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन पातळ भाजी झाली आणि आई सर्वांच्या बरोबर टेबलाशी बसून जेवल्या. आमच्या कन्येने ‘‘वी आर ईटिंग द ड्राइव्हवे’’ असे मैत्रिणीला फोनवर कळवले, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली हेही नमूद केले पाहिजे.

इथे दोन शब्द सावधगिरीचे, कारण वाचून कुणी लगेच अंगणात धावेल. घोळीसारखेच जमिनीवर पसरणारे दुसरे एक तण असते, स्पर्ज नावाचे. त्याचे देठ मोडले की पांढरा चीक येतो. चीक आला तर ते खाऊ नये, घोळीला चीक नसतो. दुसरे म्हणजे ज्या लॉनवर तणनाशक मारतात तिथले पानही तोडू नये. कंपनीची माणसे फवारून गेली की लहानशी पाटी रोवून जातात, ती बघावी. शेजाऱ्याच्या फवारणीचा वाराही लक्षात घ्यावा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळ बेताने खावी, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. आणि ज्यांना हा सगळा उपद्व्याप नको त्यांनी सरळ मेक्सिकन ग्रोसरीत जाऊन ‘वेर्दोलागास’ मागावे. जुडी बांधून घोळच हातात येते.

घोळीनंतर आईंची नजर शेजारच्या अंगणाकडे वळली. आमच्या पलीकडे एक पोलिश आजी राहतात. शिकागोत पोलिश लोक किती आहेत हे आपण जाणतोच, बँकेपासून बेकरीपर्यंत पोलिश पाट्या दिसतात. या आजीही विधवा, त्यांचेही इंग्रजी जेमतेम. बारा वर्षे आमची ओळख ‘हाय’ आणि ‘कोल्ड, नो?’ यापुढे गेली नव्हती. आई कुंपणाशी उभ्या राहून त्यांच्या वाफ्याकडे टक लावून बघायला लागल्या, आणि आजींना वाटले यांना काही हवे आहे. त्यांनी पाने तोडून दिली. आईंनी चाखली. चुका! आपला आंबट चुका आणि त्यांचा ‘श्चाव’ हे एकाच कुळातले, सख्खे नाहीत पण चुलत म्हणावेत इतके जवळचे. इंग्रजीत सॉरेल. पोलंडमध्ये त्याचे आंबट सूप करतात आणि त्यात उकडलेले अंडे सोडतात. अंड्याचा प्रश्न हातवाऱ्यांनी सुटला. (कोंबडीचा अभिनय दोघींपैकी कुणी केला हे आम्ही छापणार नाही.) बदल्यात आईंनी चुक्याची डाळ शेंगदाणे घालून केली आणि वाटी कुंपणावरून गेली. वाटी रिकामी परत आली नाही, हा रिवाज तिकडेही दिसतो. तिच्यात रूबार्बचा मुरांबा होता. रूबार्बही त्याच कुळातला, देठ तेवढे खायचे. पाने विषारी असतात, ती भाजी म्हणून कुणी चिरायला घेऊ नयेत.

जूनमधली तुतीही याच आजींची देणगी. आपल्या उपनगरातल्या कित्येक फुटपाथांवर जून महिन्यात जांभळे डाग पडतात. लोक नाक मुरडून बुटांचे तळ पुसतात. ते तुतीचे झाड असते. महाबळेश्वर-पाचगणीला द्रोणात घेऊन आपण पैसे मोजतो ती ही तुती! गोऱ्या शेजाऱ्यांना विचारून घ्यावे, बहुतेक जण ‘सगळी घेऊन जा, पाखरे माझी गाडी घाण करतात’ असेच म्हणतात. झाडाखाली जुनी चादर पसरून फांदी हलवायची. कपडे जुने घालावेत, डाग निघत नाही.

आता खरा मोठा प्रवास. आमच्या घरापासून २६व्या रस्त्यापर्यंत पाऊण तास. ‘लिटल व्हिलेज’ म्हणतात त्या भागाला, रस्त्यावर मोठी कमान आहे. शिकागोत इतकी वर्षे राहून आपण डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे बाजार असतो हे विसरून गेलो आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. डेव्हनला जाऊ नका असे नाही. तांदूळ, डाळी, गोडा मसाल्याचे सामान तिथूनच येणार. पण २६व्या रस्त्यावर जे दिसले त्याने आई गाडीतून उतरल्या उतरल्या दहा वर्षांनी तरुण झाल्या. हातगाडीवर कणसे! वरून मेयोनीज आणि किसलेले चीज लावतात, ते खुणेने नको म्हटले की मागे उरते लिंबू, मीठ आणि तिखट. म्हणजे पावसाळ्यातला आपला भुट्टाच. पुढच्या गाडीवर आंब्याच्या फोडींना लिंबू-तिखट. त्याच्या पुढे मोठ्या काचेच्या बरण्यांत सरबते. एक चिंचेचे. एक लालभडक, ‘हामाइका’. आईंनी घोट घेतला आणि विचारले, ‘‘यात अंबाडीची बोंडं आहेत का?’’ होती. लाल अंबाडीच्या बोंडांचीच सरबत करतात तिथे, वाळवलेली बोंडे पाकिटातून विकतात. तेव्हापासून आमच्या फ्रीजमध्ये कोकमाच्या शेजारी हामाइकाची बाटली असते.

एका लहानशा खानावळीत बाई हाताने टॉर्टिया थापत होत्या. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून त्याचे पीठ करतात. चुन्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन थापता येते आणि मक्यातले एक जीवनसत्त्व, नायसिन, अंगी लागण्याजोगे होते. मका युरोपात गेला तेव्हा ही चुन्याची युक्ती बरोबर गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. वाटायचा दगड ‘मेताते’ म्हणजे आपला पाटाच, फक्त त्याला तीन पाय. आई काउंटरशी उभ्या राहून बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. त्या बाईंनी हसून गोळा दिला आणि आईंनी भाकरी थापली, चांगली वीतभर मोठी. आतून आणखी दोघी बघायला आल्या. तव्यावर ती नीट फुगली नाही. आई म्हणाल्या, ‘‘यांचं पीठ ओलं आहे,’’ आणि विषय संपवला. त्या बाईंनी काय म्हटले ते स्पॅनिशमध्ये असल्यामुळे कळले नाही, बहुधा तेच उलट बाजूने असावे. गरम टॉर्टियाबरोबर घरी केलेले पिठले फार छान लागते. करून पाहा.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचे : मेक्सिकन घेवड्याच्या पातळसर उसळीत, तामालेत आणि पुष्कळ गोड पावांत डुकराची चरबी असते. तिला ‘मान्तेका’ म्हणतात. ‘सिन मान्तेका?’ एवढे दोन शब्द पाठ करावेत. उत्तर देताना समोरचा क्षणभर थांबला तर घेऊ नये.

त्याच रस्त्यावर एका दुकानात, गल्ल्याजवळ, आईंना राजगिऱ्याची वडी दिसली. आम्ही आधी मानलेच नाही. पाकिटावर ‘आलेग्रिया’ लिहिलेले, म्हणजे स्पॅनिशमध्ये आनंद. राजगिऱ्याच्या लाह्या, मध किंवा गूळ, वरून शेंगदाणे. गूळही त्यांच्याकडे आहे, शंकूच्या आकाराचा, ‘पिलोन्सियो’ म्हणतात. आई दोन दिवसांनी येणारी एकादशी मोजत होत्या. दुकानाच्या मागच्या बाजूला खाटीकखाना आहे, तेव्हा इथले घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यांनी बराच वेळ मनात घोळवला. शेवटी म्हणाल्या, ‘‘पाकीट बंद आहे. आणि राजगिरा तो राजगिराच.’’ सहा पाकिटे घेतली.

घरी येऊन आम्ही जरा वाचन केले. तर राजगिरा मूळचा त्यांचाच निघाला! मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध घालून देवाच्या मूर्ती करीत आणि पूजेनंतर तो प्रसाद वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या धर्मविधीची थट्टा वाटले आणि त्यांनी ते बंद पाडले. तरी वडी टिकली. मग आम्ही उपासाचे ताट समोर घेऊन एकेक जिन्नस तपासला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांनी दिलेला. हिरवी मिरची अमेरिकेची, रताळे अमेरिकेचे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून यातले बरेच काही आपल्या किनाऱ्यावर आले. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती, ही गोष्ट उघड आहे. वरीचे तांदूळ आणि शिंगाडा तेवढे आपल्याकडचे जुने.

आम्हांला वाटले आईंना हे ऐकून धक्का बसेल. त्या शेंगदाणे भाजत होत्या. म्हणाल्या, ‘‘म्हणजे चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी बाई हे पहिल्यांदा चुलीवर ठेवून बघत बसली असेल, उपासाला चालतं का म्हणून.’’ आणि कुणाला तरी विचारले असेल, आणि त्या कुणीतरी चालते म्हटले असेल. आमच्या मते उपासाच्या ताटाचा याहून चांगला इतिहास कुणी लिहिलेला नाही.

ऑक्टोबरात पिल्सेनच्या मेक्सिकन कला संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय १९८७ साली उघडले, प्रवेश विनामूल्य आहे, आणि दर शरद ऋतूत तिथे ‘मृतांचा दिवस’ या विषयावर प्रदर्शन भरते. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकन घरांत गेलेल्या माणसांसाठी ‘ओफ्रेंदा’ मांडतात : फोटो, मेणबत्त्या, पाणी, पाव आणि त्या माणसाला आवडायचे ते पदार्थ. भोवती झेंडूची फुले. झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, म्हणजे आपले दसऱ्याचे तोरणसुद्धा तिकडचेच. एका मांडणीत म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता, आणि समोर सिगारेटचे पाकीट, पत्त्यांचा जोड आणि कॉफीचा कप. आई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मुलीने विचारले, ‘‘आजी, आजोबांसाठी काय ठेवलं असतं?’’ ‘‘शेंगदाण्याची चटणी,’’ आई म्हणाल्या, ‘‘आणि तंबाखूची डबी. डबी मी लपवून ठेवायची.’’ बाबांबद्दल इतके एका दमात बोललेले आम्ही या देशात प्रथमच ऐकले. परत येताना गाडीत सबंध वेळ त्याच बोलत होत्या. बार्शीच्या भगवंत मंदिरामागच्या बाजारातून बाबा काय काय चुकीचे घेऊन यायचे, याची यादी घरी पोचेपर्यंत संपली नाही.

सगळेच काही जमले असे नाही. नोपाल, म्हणजे निवडुंगाची पाने, काटे काढून भाजीसाठी विकतात. आईंनी एकदा केली. भेंडीहून बुळबुळीत झाली, परत नाव काढले नाही. रूट बिअरचा घोट घेऊन त्यांनी ‘‘हे आयोडेक्स प्यायला देतात का?’’ असे विचारले, आणि वास घेऊन पाहिलात तर त्यांचे म्हणणे पटेल. इटालियन लोकांची ‘जार्दिनिएरा’ मात्र पास झाली. फ्लॉवर, गाजर, सेलरी आणि मिरच्या तेलात मुरवलेल्या. शिकागोत ती सँडविचवर घालतात, आमच्याकडे थालीपीठाबरोबर संपते. बाटलीवर ‘हॉट’ लिहिलेली घ्यावी, ‘माइल्ड’मध्ये दम नाही.

आई अजूनही दर दिवाळीला म्हणतात, बार्शीला एकदा जाऊन येते, घर उघडून बघते. या जानेवारीत जाणार आहेत, परतीचे तिकीट एप्रिलचे काढले आहे. तारीख त्यांनीच सांगितली. घोळ उगवायच्या आत यायला हवे म्हणाल्या.

आता मुद्द्याचे. आपल्या मंडळाच्या घरांमध्ये दिवसभर एकटे असलेले असे बरेच आजी-आजोबा आहेत. महिन्यातून एका शनिवारी, सकाळी दहाला, त्यांना घेऊन एकेका बाजाराची फेरी करावी असे आमच्या मनात आहे. पहिली फेरी २६व्या रस्त्यावर, दुसरी आर्गाइल स्ट्रीटच्या व्हिएतनामी दुकानांत. तिथे अळूसारखी पाने आणि केळफूल मिळते अशी बातमी आहे, खात्री करायची आहे. आमच्या व्हॅनमध्ये पाच जागा आहेत. आणखी दोन गाड्या आणि दोन चालक हवेत. ज्येष्ठांची नावे पिकनिकच्या दिवशी चहाच्या टेबलाशी द्यावीत. चालणे कमी असलेल्यांसाठी घडीची खुर्ची बरोबर घेऊ.

जाता जाता, गेल्या वर्षी ज्यांनी चव घेतली त्यांच्या आग्रहावरून क्रॅनबेरीच्या लोणच्याची कृती. क्रॅनबेरी इथलेच फळ. देशातल्या निम्म्याहून अधिक क्रॅनबेरी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये पिकतात. फळात चार पोकळ कप्पे असतात, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते. म्हणून काढणीच्या वेळी वाफ्यांत पाणी सोडतात आणि सगळे तळे लाल होते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, वेळ काढून बघून यावे.

ताज्या क्रॅनबेरींची १२ औंसांची (सुमारे ३४० ग्रॅम) पिशवी धुवावी आणि फळे फडक्यावर अगदी कोरडी करावीत. प्रत्येकीचे दोन तुकडे करावेत. (आई सुरीने करतात, आम्ही मशीनमध्ये दोनदा फिरवतो, दोन्हीत फरक लागतो असे आईंचे म्हणणे.) त्यात चार चहाचे चमचे मीठ, दोन मोठे चमचे तिखट, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, एक चहाचा चमचा हळद आणि अर्धा चमचा तळून कुटलेली मेथी घालावी. गोड हवे असल्यास अर्धी वाटी चिरलेला गूळ. अर्धी वाटी तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी, हिंग घालावा आणि तेल पूर्ण गार झाल्यावरच ओतावे. काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. चौथ्या दिवशी मुरते. महिनाभर चांगले राहते, पण आमच्याकडे थँक्सगिव्हिंगचे केलेले डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच संपले, कारण दोन बाटल्या कुंपणावरून पलीकडे गेल्या.